साइटवर ऑर्डर आहे, ईमेल नाही: वेबसाइटचं नोटिफिकेशन पुन्हा पुन्हा बंद का पडतं

"काय गो, तुझी साइट निजली काय?"

काकांचा हा फोन मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला. राजापूरजवळ त्यांची हापूसची बाग आहे आणि पेट्यांची आगाऊ मागणी नोंदवणारी छोटीशी वेबसाइट मी पुण्यात बसून सांभाळते. साइट बनवायचं वर्डप्रेस, त्यावर दुकान चालवणारं वूकॉमर्स. कुणी पेटी मागवली की काकांना ईमेल जातो, काका तो मोबाइलवर वाचतात, काकू वहीत नाव उतरवून घेतात. यंत्रणा म्हणजे एवढीच. फोनवर बोलता बोलता मी साइट उघडली, तर ऑर्डरच्या यादीत अकरा नावं होती. सगळ्यात जुनी नऊ दिवसांपूर्वीची. काकांना मात्र यंदा गिऱ्हाईकच नाही असं वाटत होतं.

हे तिसऱ्यांदा झालं होतं. तिन्ही वेळा लक्षण तेच, कारणं मात्र तीन वेगळी निघाली. मागच्या वर्षी ज्याने काम झालं तेच यंदा करून बघायचं आणि लागू पडलं नाही की दुसरं प्लगइन (साइटला जोडायचा तयार प्रोग्राम) टाकायचं, या नादात माझी रविवारची अख्खी दुपार गेली. म्हणून आधी शोध कुठून सुरू करायचा ते सांगते. दुरुस्त्या मग.

कशालाही हात लावण्याआधी

पहिला प्रश्न: ईमेल मुळात तयार तरी झाला का? वूकॉमर्समध्ये दुकानदाराला जाणारा 'नवीन ऑर्डर'चा ईमेल ऑर्डर नोंदली गेल्याबरोबर निघत नाही. ऑर्डरची स्थिती 'पेंडिंग पेमेंट'वरून 'प्रोसेसिंग' किंवा 'ऑन होल्ड'वर गेली की निघतो. आता आपल्याकडे लोक पैसे भरतात यूपीआयने. गिऱ्हाईक पैसे भरायला दुसऱ्या ॲपमध्ये जातं, पैसे कटतात, आणि ते ब्राउझरकडे परत येतच नाही. अशा वेळी पेमेंट गेटवे, म्हणजे साइटसाठी पैसे घेणारी सेवा, 'पैसे आले' हा निरोप साइटला मागल्या दाराने देतो. त्याला वेबहुक म्हणतात. तो निरोप एखाद्या सुरक्षा प्लगइनने अडवला, किंवा साइटचा पत्ता बदलल्यावर गेटवेच्या खात्यात जुनाच पत्ता राहिला, तर ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'वरच बसून राहते. ईमेल कधी जन्मालाच येत नाही. अशा ठिकाणी ईमेलच्या सेटिंग्ज रात्रभर उलट्यासुलट्या केल्या तरी काही होणार नाही. तेव्हा आधी ऑर्डरच्या यादीतली स्थिती वाचा.

दुसरा प्रश्न: कुणाकुणाला येत नाही? गिऱ्हाइकाला पोचपावती जाते पण मालकाला येत नाही, ही एक तऱ्हा. मालकाला येतो पण गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडतो, ही दुसरी. काहींचे येतात, काहींचे नाहीत, ही तिसरी. कुणालाच नाही, ही चौथी, आणि त्यातल्या त्यात सोपी. चारही तऱ्हांची कारणं निराळी आहेत. त्यामुळे या एका प्रश्नाच्या उत्तराने निम्मा शोध संपतो. चाचणीचा ईमेल नेहमी तीन ठिकाणी पाठवावा: साइटच्याच डोमेनवरच्या (म्हणजे साइटच्या नावाच्या) पत्त्यावर, एका जीमेलवर आणि जीमेल नसलेल्या एखाद्या पत्त्यावर. एकाच पत्त्यावर पाठवून 'माझ्याकडे तर आला' म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात.

तिसरी गोष्ट, जिथे ईमेल यायला हवा तो मेलबॉक्स नीट बघा. स्पॅम सगळेच बघतात. 'ऑल मेल' आणि 'ट्रॅश' बघत नाहीत. कधीकाळी कुणीतरी लावलेला फिल्टर ईमेल परस्पर अर्काइव्ह करत असतो. शिवाय जागा. गुगलच्या मोफत खात्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी जागा असते. जून २०२१ पासून नवे फोटोही तीत मोजले जातात. काकांच्या फोनमध्ये मोहोराचे, पालवीचे आणि नातवाचे मिळून किती व्हिडिओ आहेत ते मी एकदा बघितलं आणि कपाळाला हात लावला. जागा भरली की नवे ईमेल आत येणं थांबतं, आणि आत न आलेला ईमेल स्पॅममध्ये शोधून सापडणार नाही.

'सेंट' म्हणजे पोचला नव्हे

वर्डप्रेसमध्ये ईमेल पाठवणारं फंक्शन काम झाल्यावर 'हो' किंवा 'नाही' असं उत्तर देतं. प्लगइनच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, जो हिरवा 'सेंट' दिसतो तो बहुतेक वेळा या 'हो'वरून लिहिलेला असतो. पण या 'हो'चा अर्थ एवढाच की पुढच्या हाताने ईमेल घेतला. एसटीच्या पार्सल खिडकीवर पेटी दिली आणि पावती मिळाली, म्हणजे पेटी दादरला उतरली असं कुणी म्हणत नाही. ईमेलच्या बाबतीत मात्र आपण बेधडक म्हणतो.

वाटेत तीन-चार हात लागतात. साइट ईमेल तयार करते आणि पाठवणाऱ्या सर्व्हरच्या हवाली करते. तो सर्व्हर डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटच्या नाव-पत्त्यांच्या वहीत, बघून समोरचा सर्व्हर शोधतो. समोरचा तपासणी करून घेतो किंवा नाकारतो. घेतल्यावर कुठल्या फोल्डरमध्ये टाकायचं ते तोच ठरवतो. नाकारला तर परतीचा निरोप, म्हणजे बाउन्स, ईमेलच्या आत दडलेल्या 'रिटर्न-पाथ' या पत्त्यावर येतो. साधी होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) असेल तर हा पत्ता सर्व्हरवरच्या तुमच्या खात्याच्या नावाचा असतो, आणि तो कुणीही कधी उघडत नाही. सगळं शांत दिसतं ते यामुळे. तक्रार आलेली असते, फक्त ज्या घरात कुणी राहत नाही तिथे टाकलेली असते.

तेव्हा ईमेल लॉग ठेवणारं प्लगइन टाकाच, पण त्यातल्या हिरव्या रंगावर विसंबू नका. ओळीवर क्लिक करून सर्व्हरचं उत्तर वाचा. उत्तरातला आकडा ४ ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती आहे, पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू होत असेल तर नकार कायमचा. ५३५ म्हणजे लॉगिन चुकलं. ५५० म्हणजे समोरच्याने घेतला नाही, आणि त्यापुढच्या इंग्रजी वाक्यात कारण लिहिलेलं असतं. ते वाक्य पूर्ण वाचा. मी दोनदा अर्धंच वाचून भलत्याच वाटेला लागले होते. आणखी एक, या लॉगमध्ये गिऱ्हाइकांचे फोन नंबर आणि पत्ते साठत जातात. तीस दिवसांनी आपोआप पुसले जातील असं लावून ठेवा.

पहिलं वर्ष: साइट स्वतःच पोस्टमन झाली होती

काही सेटिंग केली नाही तर वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय त्या पीएचपीच्या मेल फंक्शनकडून, म्हणजे होस्टिंगच्या त्याच सर्व्हरवरून ईमेल पाठवतं. 'फ्रॉम'मध्ये 'वर्डप्रेस' आणि पुढे तुमचं डोमेन असा पत्ता घालतं. त्या नावाचा मेलबॉक्स अस्तित्वातच नसतो. स्वस्त होस्टिंगवर एकाच आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या एकाच आकडी पत्त्यावरून, शेकडो साइट्स ईमेल पाठवतात. त्यातल्या एका साइटमध्ये कुणी घुसून स्पॅम पाठवला की तो आयपी काळ्या यादीत जातो आणि शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा आपल्याला होते. काकांचं तेच झालं होतं.

उपाय ठरलेला: एसएमटीपी. म्हणजे साइटने एखाद्या खऱ्या मेलबॉक्सचं नाव आणि पासवर्ड वापरून, रीतसर लॉगिन करून ईमेल द्यायचा. त्यासाठी वर्डप्रेसमध्ये अनेक प्लगइनं आहेत, कुठलंही नावाजलेलं चालेल. पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या कुठल्या क्रमांकाच्या दाराने जायचं याचा, घोळ मात्र समजून घ्या. २५ हा सर्व्हर-सर्व्हरमधला पोर्ट आहे आणि बऱ्याच क्लाउड कंपन्यांनी तो बाहेर जाण्यासाठी बंद ठेवलेला असतो. आपल्याला हवा ५८७ किंवा ४६५. ५८७ वर संभाषण साधं सुरू होऊन मग कुलूपबंद होतं, तिथे 'स्टार्ट टीएलएस' निवडायचं. ४६५ वर पहिल्या अक्षरापासून कुलूप असतं, तिथे 'एसएसएल' निवडायचं. जोड्या उलट्या लावल्या की साइट मिनिटभर गोल फिरते आणि 'कनेक्ट होता आलं नाही' म्हणते. पासवर्ड बरोबर असूनही चालत नसेल तर आधी ही जोडी बघा.

मी काकांचंच जीमेल खातं वापरलं. त्यात खात्याचा नेहमीचा पासवर्ड चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय गुगलने ३० मे २०२२ पासून बंद केली. खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करायची आणि मग सोळा अक्षरी 'ॲप पासवर्ड' काढायचा. तो एकदाच दिसतो. मोफत खात्यातून दिवसाला ५०० पर्यंतच ईमेल जातात. आंब्याच्या बागेला तेवढे पुरतात, शाळेच्या पालकसभेच्या सूचनेला पुरणार नाहीत. आणि 'फ्रॉम'मध्ये तुम्ही डोमेनचा पत्ता लिहिला, पण तो जीमेलमध्ये आधी जोडलेला नसेल, तर जीमेल तो पुसून स्वतःच्या खात्याचा पत्ता घालतं. त्याला बिघाड समजू नका.

दुसरं वर्ष: कुणीतरी पासवर्ड बदलला

एप्रिलमध्ये सगळं ठप्प. लॉगमध्ये ५३५. मी कशालाच हात लावला नव्हता.

हात काकांनी लावला होता. कुणाच्या तरी फोनवर फसवणुकीचा मेसेज आल्याचं ऐकून त्यांनी शहाणपणा करून खात्याचा पासवर्ड बदलला. त्यांचं चुकलं नाही. पण गुगल खात्याचा पासवर्ड बदलला की त्याआधी काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. साइट बिचारी जुन्या किल्लीने दार वाजवत बसली होती. नवा ॲप पासवर्ड काढून प्लगइनमध्ये टाकला, पाच मिनिटांत सुरू. त्या पाच मिनिटांआधी मात्र सहा दिवस गेले होते.

यातून मी काढलेला निष्कर्ष असा की साइटने माणसाचं रोजचं खातं वापरूच नये. ऑर्डरसाठी वेगळा मेलबॉक्स हवा, ज्याचा पासवर्ड फक्त साइटला ठाऊक आणि एका कागदावर लिहून कपाटात. म्हणून मी होस्टिंगमध्येच, काकांच्या डोमेनवर, 'ऑर्डर' नावाचा मेलबॉक्स काढला आणि साइटला त्याच्या एसएमटीपीवर लावलं. निष्कर्ष बरोबर होता. तरी पुढच्या वर्षीच्या घोळाची सुरुवात तिथेच झाली.

तिसरं वर्ष: ईमेल घरातल्या घरातच अडकला

आता त्या अकरा ऑर्डरी. गिऱ्हाइकांना पोचपावत्या गेल्या होत्या. लॉग हिरवा. सर्व्हरचं उत्तरही '२५०', म्हणजे स्वीकारलं. फक्त काकांना काही नाही. स्पॅम रिकामा, ऑल मेल रिकामा. ऑर्डरचे ईमेल आता काकांच्या डोमेनवरच्या ज्या पत्त्यावर जायचे, त्यावर मी माझ्या जीमेलवरून लिहिलं, ते मिनिटात पोचलं. बाहेरून येतो, साइटवरून नाही. इथे माझं डोकं खरंच चालेनासं झालं.

मग दादाला, म्हणजे काकांच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "हो, जानेवारीत मी ईमेल गुगल वर्कस्पेसवर हलवले. तुला सांगायचं राहिलं." वर्कस्पेस म्हणजे आपल्या डोमेनचं ईमेल गुगलकडे ठेवायची सेवा. डोमेनचे एमएक्स रेकॉर्ड त्याने बदलले होते, अगदी बरोबर बदलले होते. एमएक्स रेकॉर्ड म्हणजे 'या डोमेनचं टपाल कुठे टाकायचं' हे जगाला सांगणारी पाटी. सगळं जग ती पाटी वाचून गुगलकडे जात होतं. होस्टिंगचा सर्व्हर मात्र पाटी वाचतच नव्हता. त्याच्या मते हे डोमेन त्याच्याच घरातलं, मग बाहेर कशाला बघायचं? तो ईमेल घरातल्या जुन्या मेलबॉक्समध्ये टाकून 'पोचवला' म्हणत होता. होस्टिंगचं वेबमेल उघडलं तर काकांच्या जुन्या पेटीत सगळे ईमेल ओळीने बसलेले. न वाचलेले, नीट तारीखवार.

मालकाला येत नाही पण गिऱ्हाइकाला जातो, आणि साइट एकीकडे, डोमेनचं ईमेल दुसरीकडे आहे, असं दिसलं की पहिला संशय इथेच घ्या. सी-पॅनेलमध्ये, म्हणजे होस्टिंगच्या सेटिंग्जच्या पॅनेलमध्ये, 'ईमेल राउटिंग' नावाचं पान असतं. तिथे डोमेन निवडून 'लोकल मेल एक्स्चेंजर'च्या जागी 'रिमोट मेल एक्स्चेंजर' करायचं. एक बटण, तेवढंच. दुसऱ्या पॅनेलमध्ये नाव वेगळं असेल. सापडलं नाही तर होस्टिंगच्या मदत कक्षाला 'आमचं ईमेल बाहेर आहे, या डोमेनचं लोकल डिलिव्हरी बंद करा' असं एका वाक्यात लिहा. 'ईमेल येत नाही' असं लिहिलंत तर ते स्पॅम फोल्डर बघायला सांगतील, हे मी लेखी देते.

आणि मग गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये

राउटिंग सुधारलं, काकांकडे ईमेल यायला लागले. चार दिवसांनी काकू म्हणाल्या की गिऱ्हाईकं फोन करून विचारतायत, ऑर्डर झाली का. म्हणजे आता त्यांचे ईमेल स्पॅममध्ये चालले होते. हेही दादाच्या स्थलांतराचंच शेपूट होतं.

एसपीएफ नावाचा एक रेकॉर्ड डोमेनच्या डीएनएसमध्ये असतो. 'माझ्या नावाने ईमेल पाठवायची परवानगी या या सर्व्हरना आहे' अशी ती यादी. होस्टिंगने आपला रेकॉर्ड आधीच घातला होता. दादाने गुगलच्या सूचना वाचून गुगलचा दुसरा घातला. दोन्ही रेकॉर्ड आपापल्या जागी अचूक, पण नियम असा की एका डोमेनला एसपीएफ रेकॉर्ड एकच हवा. दोन सापडले की तपासणारा सर्व्हर दोन्हींना मिळून 'कायमची चूक' असा शेरा देतो. ज्याला एकही रेकॉर्ड नाही त्याच्याइतकेच आपण निराधार होतो. दोन्हींतले सर्व्हर एकाच ओळीत आणायचे, दुसरी ओळ पुसायची. त्या ओळीत 'इनक्लूड' करत जाताना मोजत राहा, कारण तपासणीत डीएनएसला दहापेक्षा जास्त वेळा विचारावं लागलं तर तीही चूकच धरतात. जुन्या, आता न वापरलेल्या सेवांची नावं तिथून काढून टाका.

दुसरी गोष्ट डीकेआयएम. ही ईमेलवरची सही. पाठवणारा सर्व्हर खासगी किल्लीने सही करतो, ती तपासायची सार्वजनिक किल्ली डीएनएसमध्ये ठेवलेली असते. प्रत्येक पाठवणाऱ्याची सही वेगळी, त्यामुळे गुगलची आणि होस्टिंगची अशा दोन्ही किल्ल्या डीएनएसमध्ये असल्या तरी चालतं, नव्हे, असायलाच हव्यात. एसपीएफसारखा 'एकच' हा नियम इथे नाही. सी-पॅनेलमध्ये 'ईमेल डिलिव्हरेबिलिटी' या पानावर तुमच्या डोमेनचं काय चुकतंय ते दिसतं. डीएनएस दुसरीकडे असेल तर तिथली किल्ली हाताने नेऊन चिकटवावी लागते. चिकटवताना घात होतो. २०४८ बिटांची किल्ली २५५ अक्षरांपेक्षा लांब असते आणि ती ज्यात ठेवतात त्या टीएक्सटी रेकॉर्डचा एक तुकडा २५५ पर्यंतच जातो. काही पॅनेल ती गुपचूप तोडून दोन तुकडे करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. चिकटवल्यावर शेवटची दहा अक्षरं मूळ किल्लीशी ताडून बघा.

तिसरं डीमार्क. वाचणाऱ्याला 'फ्रॉम'मध्ये जे डोमेन दिसतं, त्याच डोमेनच्या नावाने एसपीएफ किंवा डीकेआयएम पास झालं का, हे ते बघतं. आणि नसेल तर काय करायचं हे डोमेनच्या मालकाने आधीच सांगून ठेवायचं: काही करू नका, स्पॅममध्ये टाका किंवा नाकारा. सुरुवातीला 'काही करू नका' ठेवा. काही लोक उत्साहात पहिल्याच दिवशी 'नाकारा' लावतात आणि स्वतःचेच ईमेल नाकारून घेतात.

हे सगळं पूर्वी 'असलं तर बरं' या खात्यात होतं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने नियम कडक केले. दिवसाला ५,००० च्या वर ईमेल जीमेलला पाठवणाऱ्यांना तिन्ही गोष्टी सक्तीच्या, पण एसपीएफ किंवा डीकेआयएमपैकी निदान एक तर सगळ्यांनाच हवी, अगदी सीझनला दोनशे पेट्या विकणाऱ्यालाही. माझं मत विचाराल तर दोन्ही लावा. गिऱ्हाइकाने ईमेल पुढे दुसऱ्या पत्त्यावर फॉरवर्ड केलेला असेल तर एसपीएफ तुटतं, सही बहुधा टिकते.

लागलं की नाही हे तपासायला महागडं साधन लागत नाही. चाचणीचा ईमेल जीमेलवर मागवा, तीन टिंबांच्या मेनूत 'शो ओरिजिनल' दाबा. वरच एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा तीन ओळींत 'पास' किंवा 'फेल' लिहिलेलं असतं. एसपीएफ पास पण डीमार्क फेल दिसलं तर रिटर्न-पाथ होस्टिंगच्या डोमेनचा आहे आणि सही तुमच्या डोमेनची नाही, एवढं ओळखा. डीएनएस बदलल्यावर लगेच निकाल मागू नका. जुनी उत्तरं जगभर काही तास साठवलेली राहतात. सी-पॅनेलमध्ये बहुतेक ठिकाणी ही मुदत १४,४०० सेकंद, म्हणजे चार तास असते. जेवून या.

'काहींचे येतात, काहींचे नाही'

ही तऱ्हा बहुधा चौकशीच्या फॉर्ममध्ये दिसते. फॉर्म बनवणाऱ्याने 'फ्रॉम'च्या जागी फॉर्म भरणाऱ्याचाच पत्ता घातलेला असतो, का तर मालकाला सरळ 'रिप्लाय' दाबता यावं. हेतू चांगला. पण याचा अर्थ तुमचा सर्व्हर दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवतोय. याहूने एप्रिल २०१४ मध्येच आपल्या डोमेनसाठी डीमार्क 'नाकारा'वर नेलं. त्यामुळे याहूचा पत्ता टाकणाऱ्याची चौकशी वाटेतच मरते आणि दुसऱ्याची पोचते. 'फ्रॉम'मध्ये कायम स्वतःच्या डोमेनचा पत्ता ठेवा, भरणाऱ्याचा पत्ता 'रिप्लाय-टू'मध्ये घाला. रिप्लाय दाबल्यावर तो त्याच्याकडेच जातो.

विषयाच्या ओळीत मराठी

हा मुद्दा मदत कक्षांच्या इंग्रजी पानांवर सापडत नाही, म्हणून थोडा थांबते. वर्डप्रेस स्वतः अक्षरसंच नीट सांभाळतं. हाताने लिहिलेल्या पीएचपीत मात्र मराठी विषय मोडतो, आणि कसा मोडला यावरून कारण कळतं. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर अक्षरं ईमेलपर्यंत पोचण्याआधीच, बहुधा डेटाबेसशी जोडणीत, नष्ट झाली आहेत. ईमेलच्या कोडमध्ये शोधू नका. डोक्यावर तिरकी रेघ घेतलेले इंग्रजी 'ए' आणि त्यांच्यामागे चित्रविचित्र चिन्हं दिसली तर अक्षरं शाबूत आहेत, फक्त त्यांच्यावरची चिठ्ठी चुकली आहे. यूटीएफ-८ या अक्षरसंचात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. वाचणारा त्यांना तीन वेगळी लॅटिन अक्षरं समजतो आणि पहिलं तो तिरक्या रेघेचा 'ए' निघतो. पीएचपीमेलर (ईमेल पाठवायचा पीएचपीचा तयार कोड) थेट वापरत असाल तर त्याचा अक्षरसंच मुळात आयएसओ-८८५९-१ असतो, तो स्वतः बदलून यूटीएफ-८ करावा लागतो. आणि विषय बाकी नीट असून मध्येच एका जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह आलं, तर लांब विषयाचे तुकडे करताना कुणीतरी अक्षराच्या मधोमध सुरी चालवली आहे. विषय आखूड करा, म्हणजे दोन्ही बाजूंचा प्रश्न मिटतो.

उशिरा येणारे

ईमेल येतो पण तीन-चार तासांनी, असं असेल तर वर्डप्रेसचं वेळापत्रक बघा. वर्डप्रेसला घड्याळ नाही. कुणीतरी साइटवर आलं की ते 'अरे, सातचं काम राहिलंय' असं बघतं. आंब्याच्या साइटवर जूनमध्ये कोण येतं? शिवाय कॅशिंग लावलेलं असेल तर पाहुणा येऊनही वर्डप्रेसला जाग येत नाही, कारण त्याला साठवलेलं पान परस्पर दिलं जातं. वर्डप्रेसचं हे आतलं वेळापत्रक कॉन्फिग फाइलमध्ये बंद करून होस्टिंगच्या 'क्रॉन जॉब'कडून, म्हणजे ठरल्या वेळी काम करणाऱ्या सोयीकडून, दर दहा-पंधरा मिनिटांनी वर्डप्रेसची 'wp-cron.php' ही फाइल चालवून घ्या.

पुन्हा बिघडेल तेव्हा

बिघडणार आहेच. डोमेन एकाच्या नावावर, होस्टिंग दुसऱ्याच्या, मेलबॉक्स तिसऱ्याचा, आणि प्रत्येक जण आपापल्या जागी काहीतरी योग्यच करत असतो. दादाचं वर्कस्पेस योग्य, काकांचा नवा पासवर्ड योग्य, माझा वेगळा मेलबॉक्सही योग्य. म्हणून मी आता दुरुस्तीपेक्षा कळण्याची सोय केली आहे. रोज सकाळी सात वाजता साइट काकांना एक ईमेल पाठवते, विषय 'आजची यादी', आत कालच्या ऑर्डरी. ऑर्डर नसेल तर 'काल ऑर्डर नाही' असंही लिहून पाठवते. महत्त्वाचं हे की तो त्याच फ्रॉमवरून, त्याच एसएमटीपीतून, त्याच मेलबॉक्समध्ये जातो. दुसऱ्या कुठल्या सेवेने पाठवलेली 'साइट चालू आहे'ची सूचना इथे उपयोगाची नाही, साइट तर तिन्ही वर्षं चालूच होती.

एसएमएसचाही विचार केला होता. पण आपल्याकडे व्यावसायिक एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदणी, पाठवणाऱ्याचं नाव, मजकुराचा साचा, सगळं मंजूर करून घ्यावं लागतं. दोनशे पेट्यांसाठी एवढं कोण करणार? टेलिग्रामचा बॉट फुकट आणि सोपा आहे, पण काकांना टेलिग्राम नको आहे.

काकूंनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सातच्या ईमेलची बरोबरची खूण करायचं मनावर घेतलं. या वर्षी फेब्रुवारीत, मोहोर झडून कैऱ्या धरत होत्या तेव्हा, सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला. "आज सातचा नाय आला गो." बघितलं तर डोमेनचं नूतनीकरण राहिलं होतं. ज्या कार्डावर आपोआप पैसे कटायचे त्याची मुदत डिसेंबरातच संपलेली. दादाने नवं कार्ड टाकलं, दुपारी बाराच्या सुमारास 'आजची यादी' पोचली. आत लिहिलं होतं, काल ऑर्डर नाही.